सातव्या सामन्याआधीचे तीन दिवस

आपल्याकडे क्रिकेटचा अंतिम सामना एकदाच होतो. जे व्हायचं ते एका दिवसात होतं आणि दुसऱ्या दिवशी माणूस कामाला लागतो. अमेरिकेतल्या एनबीए या बास्केटबॉल स्पर्धेची रीत निराळी आहे. तिथे अंतिम फेरीत तेच दोन संघ एकमेकांशी जास्तीत जास्त सात वेळा खेळतात आणि जो आधी चार सामने जिंकेल तो विजेता. दोन-अडीच आठवडे हे चालतं. कधीकधी सहा सामन्यांनंतर हिशेब तीन-तीन असा बरोबरीत राहतो आणि मग येतो सातवा सामना. सहाव्या आणि सातव्या सामन्यांमध्ये दोन-तीन दिवस मोकळे असतात. त्या दिवसांत खेळाडू सराव करतात, अंगाला मालिश करून घेतात, झोपतात. चाहत्याला यातलं काहीच करता येत नाही. तो नुसती वाट पाहतो, आणि वाट पाहता पाहता मनातल्या मनात दिवसातून दहा वेळा जिंकतो आणि अकरा वेळा हरतो.

२०१६ च्या जूनमधले असे तीन दिवस मी माझ्या आजोळी, मुंबईच्या नागपाड्यात काढले. रमजान सुरू होता. अम्मीच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आम्ही मामूंकडे उतरलो होतो. मला बास्केटबॉलमधलं फार कळतं असं नाही. पण नागपाड्यात वाढलेल्या आईच्या मुलीला तो खेळ अजिबात कळत नाही असंही होत नाही.

नागपाडा म्हटलं की बाहेरच्या माणसाला वेगळंच काही आठवतं. वर्तमानपत्रांनी आमच्या या मोहल्ल्याला दिलेली ओळख काही चांगली नाही. पण इथल्या जुन्या माणसांना विचारा, ते आधी बास्केटबॉल सांगतील. क्लिफर्ड मॅन्सहार्ट नावाच्या अमेरिकन मिशनऱ्याने १९२० च्या दशकात इथे ‘नागपाडा नेबरहुड हाऊस’ उभं केलं. आज ज्या टाटा समाजविज्ञान संस्थेचं नाव देशभर आहे, तिची सुरुवातही १९३६ मध्ये याच घरातून झाली. त्या घराच्या कोर्टवर आणि जवळच्या मस्तान तलावाच्या मैदानावर या मोहल्ल्यातली पोरं रिंगमध्ये बॉल टाकायला शिकली. बच्चू खान यांच्यासारख्या प्रशिक्षकांनी त्यांना घडवलं. इथलेच अब्बास मुंतसिर भारताचे कर्णधार झाले आणि १९७० चा अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला. दहा बाय दहाच्या खोलीत आठ माणसं राहत असताना पोरं संध्याकाळी कुठे जाणार? ती कोर्टवर जायची. त्यातल्या चांगल्या खेळणाऱ्यांना पुढे खेळाच्या कोट्यातून नोकरी लागायची. म्हणजे इथे हा खेळ नुसता विरंगुळा नव्हता, घर चालवण्याचा एक रस्ता होता.

माझे मामूही त्या रस्त्याने निघाले होते. सत्तरच्या दशकात, वयाच्या एकविसाव्या की बाविसाव्या वर्षी, एका स्थानिक स्पर्धेच्या अंतिम सामन्यात त्यांचा संघ एका गुणाने मागे होता. काही सेकंद उरले होते आणि मामूंना दोन फ्री थ्रो मिळाले. फ्री थ्रो म्हणजे कुणी अडवायला नाही, रेषेवर एकट्याने उभं राहायचं आणि पंधरा फुटांवरून बॉल टाकायचा. दोन्ही बॉल रिंगला लागून बाहेर पडले. त्या दिवशी एका सरकारी खात्याची माणसं खेळाडू निवडायला आली होती. त्यांनी दुसऱ्या कुणाला निवडलं. मामूंनी पुढची पस्तीस वर्षं एका लेथ मशीनच्या कारखान्यात काढली. हे मला मुमानीने सांगितलं होतं. मामूंच्या तोंडून मी त्याबद्दल कधी एक अक्षर ऐकलं नव्हतं.

आता त्या जूनमधल्या सामन्यांकडे येते. एका बाजूला होता गोल्डन स्टेट वॉरियर्स, कॅलिफोर्नियातल्या ओकलंडचा संघ. त्या मोसमात त्यांनी ८२ पैकी ७३ सामने जिंकले होते. इतके त्याआधी कुणीच जिंकले नव्हते. दुसऱ्या बाजूला ओहायो राज्यातला क्लीव्हलँड कॅव्हेलियर्स. क्लीव्हलँड हे कारखान्यांचं शहर, आणि खेळाच्या बाबतीत फार दुखावलेलं. १९६४ नंतर तिथल्या बास्केटबॉल, बेसबॉल किंवा फुटबॉलच्या कुठल्याच मोठ्या व्यावसायिक संघाला विजेतेपद मिळालेलं नव्हतं. बावन्न वर्षं! आणि हरण्याच्या तऱ्हा तरी किती. १९८९ मध्ये मायकेल जॉर्डनने शेवटच्या क्षणी बॉल टाकून त्यांना प्लेऑफमधून बाहेर काढलं. १९९७ मध्ये बेसबॉलचा निर्णायक सातवा सामना ते जादा डावांत हरले. जवळच्याच अ‍ॅक्रन गावात जन्मलेला लेब्रॉन जेम्स हा त्यांचा घरचा मुलगा, तोही २०१० मध्ये मायामीला निघून गेला. लोकांनी रस्त्यावर त्याच्या नावाच्या जर्सी जाळल्या. २०१४ मध्ये तो परत आला, २०१५ मध्ये संघाला अंतिम फेरीत घेऊन गेला, आणि तिथे याच वॉरियर्सकडून हरला.

२०१६ मध्येही पहिल्या चार सामन्यांत वॉरियर्सनी तीन जिंकले. एनबीएच्या अंतिम फेरीत तोवर ३२ संघ असे तीन-एकने मागे पडले होते आणि त्यांतला एकही पुढे विजेता झाला नव्हता. पाचव्या सामन्यात लेब्रॉन आणि कायरी आयर्विंग, दोघांनीही प्रत्येकी ४१ गुण केले. सहाव्यात लेब्रॉनने पुन्हा ४१ केले. वॉरियर्सचा स्टीफन करी सहावा फाउल होऊन बाहेर गेला आणि जाता जाता त्याने रागाने तोंडातलं रबरी कवच प्रेक्षकांत भिरकावलं. तीन-तीन. आणखी गंमत पाहा, सहा सामन्यांत दोन्ही संघांच्या गुणांची बेरीज केली तर तीही सारखी, ६१० आणि ६१०. मामूंच्या नातवाने ही बेरीज पाठकोऱ्या कागदावर तीनदा केली, कारण पहिल्या दोन वेळा त्याचा विश्वास बसला नाही.

सहावा सामना आपल्याकडे शुक्रवारी सकाळी झाला. सातवा होता सोमवारी, २० जूनला पहाटे साडेपाचला. मधले तीन दिवस आमच्या घरात जे चाललं होतं ते सांगण्यासाठी हा सगळा प्रपंच.

मामूंचे दोन नातू. एक मुलाचा, नागपाड्यातच राहणारा, सोळा वर्षांचा, लेब्रॉनचा भक्त. दुसरा मुलीचा, तेरा वर्षांचा, कॅलिफोर्नियातल्या फ्रीमॉन्टमध्ये, म्हणजे ओकलंडपासून जवळच. तो अर्थातच वॉरियर्सचा. दोघांची रोज फोनवर जुंपायची. माझी मामेबहीण सांगत होती की तिचा मुलगा रोजा ठेवून दिवसभर घराच्या आवारात बॉल आपटत असतो, शेजारी वैतागलेत.

इकडच्या नातवाचा आशावाद अगदी कोरा होता, नुकत्याच इस्त्री केलेल्या शर्टासारखा. त्याच्याकडे कारणं तयार होती. पारडं आता आपल्याकडे झुकलंय. त्यांचा उंच खेळाडू अँड्र्यू बोगट जखमी होऊन बाहेर आहे. आंद्रे इग्वोडालाची पाठ धरलीय. करी थकलाय. लेब्रॉनला आता कोणी थांबवू शकत नाही. हे तो सहरीला सांगायचा, तरावीहहून परत येताना सांगायचा, इफ्तारच्या दस्तरखानावर भजी उचलता उचलता सांगायचा. आणि प्रत्येक वेळी मामू शांतपणे म्हणायचे, “जिंकणार नाहीत, बाळा.”

मामूंकडेही कारणं होती. सातवा सामना ओकलंडला आहे. अंतिम फेरीत आजवर अठरा वेळा सातवा सामना झाला, त्यात पंधरा वेळा यजमान संघ जिंकलाय. वॉरियर्स त्या मोसमात घरच्या मैदानावर ४१ पैकी फक्त दोन सामने हरलेत. आणि महिन्याभरापूर्वी ओक्लाहोमा सिटीविरुद्ध ते स्वतःच तीन-एकने मागे होते, तिथून उठून जिंकून आलेत; म्हणजे घाबरणाऱ्यांतले ते नाहीत. नातू चिडायचा. “दादा, तुम्ही कुणाच्या बाजूने आहात?” मामू खजुराची बी ताटलीच्या कडेला ठेवत म्हणायचे, “मी खेळाच्या बाजूने आहे.”

एकदा नातवाने त्यांना त्यांच्याच शस्त्राने गाठलं. मामूंच्या कपाटाच्या दाराला आतल्या बाजूने हकीम ओलाजुवानचा वर्तमानपत्रातला एक पिवळा पडलेला फोटो चिकटवलेला आहे. नायजेरियातल्या लागोसचा हा खेळाडू ह्यूस्टन रॉकेट्सकडून खेळायचा. १९९५ मध्ये फेब्रुवारीत रमजान आला तेव्हा त्याने रोजे ठेवून सामने खेळले आणि त्या महिन्याचा सर्वोत्तम खेळाडूही तोच ठरला. ह्यूस्टनलाही लोक हरणारं शहर म्हणून हिणवत. १९९४ च्या प्लेऑफमध्ये फिनिक्सविरुद्धचे पहिले दोन सामने ते आपल्याच मैदानावर हरले, तेव्हा तिथल्या वर्तमानपत्राने मोठ्या मथळ्यात शहराची खिल्ली उडवली होती. पुढे तोच संघ अंतिम फेरीत न्यूयॉर्कविरुद्ध सातव्या सामन्यापर्यंत गेला आणि ९०-८४ असा जिंकला. नातू म्हणाला, “मग दादा, हकीमच्या वेळी तुम्ही काय म्हणाला होता?” मामू क्षणभर थांबले आणि म्हणाले, “तेव्हाही हेच म्हणालो होतो.” मुमानी स्वयंपाकघरातून हसली. “आणि रात्रभर झोपले नव्हते,” ती म्हणाली.

शनिवारी दुपारी मला खरी गोष्ट कळली. फ्रीमॉन्टहून फोन आला. तिकडे शुक्रवारची रात्र होती, नुकतीच तरावीह आटोपली होती. धाकटा नातू फोनवर सांगत होता की आपण घरच्या मैदानावर आहोत, काळजीच नाही. आणि मामू त्याला म्हणाले, “वॉरियर्सचं काही खरं नाही, बेटा. लेब्रॉन आता ऐकायचा नाही.” माझ्यासमोर बसून, अगदी गंभीर आवाजात! फोन ठेवल्यावर मी हसत म्हटलं, “मामू, हे काय? इकडे हा हरणार, तिकडे तो हरणार. मग जिंकणार कोण?” त्यांनी उत्तर दिलं नाही. चष्मा काढून पुसत राहिले.

मुमानीने मला नंतर समजावलं, वांगी चिरता चिरता. “दोघांतला एक तर रडणारच ना? कोण ते आत्ता माहीत नाही. म्हणून दोघांनाही सांगून ठेवतात.”

तेव्हापासून मी चाहत्यांकडे जरा वेगळ्या नजरेने बघते. ‘आपण जिंकणार’ असं ठासून सांगणारा माणूस मला आवडतो, त्याच्याजवळ बसलं की बरं वाटतं. पण ‘नाही जिंकणार’ असं सारखं म्हणणारा, आणि तरीही पहाटे साडेपाचला टीव्हीसमोर येऊन बसणारा, तो जास्त खरा वाटतो. ज्याला खरंच आशा नसते तो झोपून राहतो. क्लीव्हलँडच्या लोकांबद्दल मी त्या दिवसांत जे वाचलं त्यातही हाच सूर होता. तिथे सामना नसतानाही, केवळ मोठ्या पडद्यावर एकत्र पाहण्यासाठी, हजारो लोक आपल्या संघाच्या रिकाम्या स्टेडियममध्ये जमणार होते. बावन्न वर्षं ज्यांनी मार खाल्ला ती माणसं काय भरवशावर गेली असतील? बहुतेकांच्या मनात ‘बघा, आताही काहीतरी होईल’ हेच असणार. वॉरियर्सच्या चाहत्यांची शंका निराळी होती. त्यांना ४० वर्षांनी २०१५ मध्ये विजेतेपद मिळालं होतं, ७३ विजयांचा विक्रम हातात होता. काहीच नसलेल्याला मिळेल की नाही याची धाकधूक असते, आणि घर भरलेल्याला चोरीची. माझ्या मते दुसरी धाकधूक जास्त वाईट, कारण ती कुणाला सांगताही येत नाही. त्र्याहत्तर सामने जिंकणाऱ्याच्या भीतीला कोण विचारतो?

सोमवारी सहरी झाली, फज्रची नमाज झाली. मामू मशिदीतून आल्यावर रोजच्यासारखे कुरआन घेऊन बसले. काही वाचकांना वाटेल की रमजानच्या पहाटे टीव्ही कशाला. मुमानीलाही तेच वाटत होतं आणि तिने ते बोलूनही दाखवलं. मामूंनी आपला पारा पूर्ण केला, कुरआन जुजदानात गुंडाळून वर ठेवलं आणि मगच बाहेरच्या खोलीत आले. साडेपाच होऊन चार-पाच मिनिटं झाली होती. सामन्याची सुरुवात त्यांची चुकली, आणि ती त्यांनी मुद्दाम चुकवली असं मला आजही वाटतं.

आमचा रोजा नुकता सुरू झाला होता, आणि फ्रीमॉन्टमध्ये रविवारची संध्याकाळ होती, त्यांचा रोजा सुटायला साडेतीन तास बाकी होते. फोनवरचं दोन्ही नातवांचं भांडण सामना सुरू होताच बंद पडलं. कुणी काही लिहीना.

मध्यंतराला वॉरियर्स ४९-४२ असे पुढे. त्यांचा ड्रेमंड ग्रीन त्या दिवशी वेगळ्याच तंद्रीत खेळत होता; शेवटी त्याचे ३२ गुण झाले. इकडचा नातू गुडघे छातीशी घेऊन बसला होता. तीन दिवस चाललेला त्याचा इस्त्रीचा शर्ट पार चुरगळला होता. आता तोच म्हणाला, “गेलं, दादा.” आणि मामू, ज्यांनी तीन दिवस ‘जिंकणार नाहीत’चा जप केला होता, ते म्हणाले, “अजून अर्धा खेळ बाकी आहे. नीट बस.”

तिसऱ्या भागाअखेर फरक एका गुणाचा. मग ८९-८९. त्यानंतर जवळजवळ पावणेचार मिनिटं दोन्ही संघांना एकही गुण करता आला नाही. जगातले सर्वांत चांगले नेमबाज, आणि बॉल काही रिंगमध्ये जाईना! मालिकेची बेरीज पुन्हा सारखी झाली होती, ६९९ आणि ६९९. नातवाने हेही बोटांवर मोजलं. एक मिनिट पन्नास सेकंद उरले असताना इग्वोडाला मोकळा धावत रिंगखाली पोचला, आणि मागून येऊन लेब्रॉनने तो बॉल बोर्डवर आपटून अडवला. ५३ सेकंद उरले असताना कायरी आयर्विंगने करीच्या डोक्यावरून तीन गुणांचा फेक साधला. ९२-८९.

मग ती वेळ आली. १०.६ सेकंद बाकी. लेब्रॉन रिंगकडे झेपावला, ग्रीनने अडवलं, आणि लेब्रॉन हातावर जोरात आपटला. मनगट धरून तो जमिनीवर पडून राहिला. उठला तेव्हा त्याच्यासमोर दोन फ्री थ्रो होते.

मामू उठले. “पाणी सुटलंय का बघतो,” असं म्हणून आत गेले. पाणी पहाटेच भरून झालं होतं, पिंप काठोकाठ होता. मी त्यांच्या मागे गेले नाही. पहिला बॉल रिंगला लागून बाहेर पडला. नातू ओरडला. आतून काहीच आवाज आला नाही. दुसरा बॉल आत गेला, ९३-८९, आणि नातू पुन्हा ओरडला, या वेळी निराळ्या आवाजात. तेव्हा मामू दारात आले. त्यांनी स्कोअर विचारला नाही. “दुसरा घातला ना?” एवढंच म्हणाले.

करीचा शेवटचा बॉल बाहेर गेला. लेब्रॉन जमिनीवर कोसळून रडू लागला. तीन-एकने मागे पडून विजेता झालेला तो पहिला संघ. नातू खाली गल्लीत पळाला. रात्रभर जागून नुकत्या निजलेल्या मोहल्ल्यात त्याच्यासारखी आणखी आठ-दहा पोरं आरडाओरडा करत बाहेर आली होती. एका खिडकीतून एका चाचीने त्यांचा चांगला उद्धारही केला.

मामू त्याच्याबरोबर गेले नाहीत. त्यांनी फ्रीमॉन्टला फोन लावला. मामेबहिणीने सांगितलं, मुलगा खोलीचं दार लावून बसलाय, कुणाशी बोलत नाही. मामू म्हणाले, “फोन दाराखालून आत सरकव.” बहुतेक तिने तसंच काहीतरी केलं असावं, कारण थोड्या वेळाने मामू बोलायला लागले. वॉरियर्सबद्दल नाही. मस्तान तलावाच्या मैदानाबद्दल, एका गुणाबद्दल, दोन फ्री थ्रोबद्दल. पाय कुठे ठेवले होते, बॉल किती जड लागला, कोण कोण बघायला आलं होतं, सगळं. मुमानी हातातलं काम टाकून दारात उभी राहिली. लग्नाला चाळीस वर्षं झाली, तीही हे त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकत होती; तिला ते सासूने सांगितलं होतं.

तिकडून मुलाने काहीतरी विचारलं असावं. “मग?” मामू म्हणाले. “मग घरी आलो. तुझ्या पणजीने भात वाढला. भूक होती, खाल्ला.” पुन्हा थोडा वेळ ऐकत राहिले आणि मग त्यांनी विचारलं, “तुमच्याकडे इफ्तारला अजून किती वेळ आहे?”

पाऊण तास होता.

“मग तोंड धू आणि आईला दस्तरखान लावायला मदत कर,” मामू म्हणाले.